किती राहिलं होतं?

पुण्यातल्या एका छोट्या सभागृहात, हिमालयातून परतलेल्या चौघांचा कार्यक्रम होता. पन्नासेक प्लॅस्टिकच्या खुर्च्या, घरघरणारा पंखा, मागे चहाच्या पिंपाशेजारी कागदी कपांची चळत. मनालीजवळच्या फ्रेंडशिप पीक या शिखराचे फोटो एकामागून एक सरकत होते. सोलंगचं हिरवं कुरण, धुंदीच्या पुढची नाल्याकडेची वाट, बकरथाचवरचे पिवळे तंबू, दोरीवर वाळत घातलेले मोजे. मग एक फोटो असा आला की त्यात माणूसच नव्हता. पांढरा उतार, खालून वर आलेली पावलं, एका जागी तुडवलेला चटईएवढा बर्फ आणि त्यात डोक्यापर्यंत रुतलेली एक आइस ॲक्स, बर्फावरची कुऱ्हाड. त्याच्या वर कोरा उतार. बोलणारी मुलगी म्हणाली, "इथून आम्ही परत फिरलो." पुढच्या रांगेतल्या काकांनी लगेच विचारलं, "किती राहिलं होतं?" "दोनशे चाळीस मीटर." "अरेरे!" काकांच्या पाठोपाठ सभागृहभर च् च् झालं, कुणाची गाडी दोन मिनिटांनी चुकल्याचं ऐकल्यावर होतं तसं. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे दोन-तीनदा पर्वतीच की!" हशा पिकला. ती मुलगीही हसली आणि तिने पुढचा फोटो घेतला.

फोटो गेला. तो 'अरेरे' काही गेला नाही.

काकांचं चुकलं असं नाही म्हणता येत. डोंगरावरून अर्ध्यातून आलेल्या माणसाला सगळे हाच प्रश्न विचारतात, आणि तो माणूस स्वतःलाही पुढची कितीतरी वर्षं हाच विचारत राहतो. पण वसंतातल्या बर्फावर हा प्रश्न चुकीच्या मापात विचारलेला असतो. अंतर मीटरमध्ये मोजलं की २४० हा आकडा हाताशी वाटतो. तेच घड्याळात मोजायला घेतलं की चित्र पालटतं, आणि त्यासाठी लागणारं सगळं त्या एका फोटोत होतं. तो जेमतेम पंधरा सेकंद पडद्यावर राहिला म्हणून, नाहीतर सभागृहातल्या कुणालाही तो वाचता आला असता.

पावलांपासून सुरू करू. फोटोच्या खालच्या कडेला पावलं म्हणजे नुसती टोचण्यांची नक्षी होती. बारा दातांच्या क्रॅम्पॉनचे, म्हणजे बुटाखाली बांधायच्या दातेरी सांगाड्याचे ठसे, बुटाचा तळ उमटलेलाच नाही. बर्फ घट्ट गोठलेला असेल तरच असं होतं. त्यावर चालताना कर्र कर्र असा कोरडा आवाज येतो आणि पाऊल जिथे ठेवाल तिथेच राहतं. थोडं वर बुटाची पूर्ण कड दिसायला लागते. आणखी वर घोट्याएवढे खड्डे. तुडवलेल्या जागेच्या आधीची वीसेक पावलं तर पावलं उरलीच नव्हती, गुडघ्याएवढी विवरं झाली होती, आणि प्रत्येकाच्या पुढच्या काठावर घासल्याची खूण होती. पाय बाहेर काढताना नडगी काठावर आदळली की ती उमटते. आता आइस ॲक्स. साधारण साठ-सत्तर सेंटिमीटरचा दांडा, आणि तो नुसत्या हाताच्या दाबाने डोक्यापर्यंत आत गेलेला. चांगल्या गोठलेल्या उतारावर त्याचं खालचं टोक जेमतेम चार बोटं शिरतं, पुढे अख्ख्या अंगाचा भार द्यावा लागतो. इथे दांडा तुपात सुरी जावी तसा गेला होता. म्हणजे या जागी पाय घसरला असता तर त्या कुऱ्हाडीने स्वतःला थांबवणं जवळपास अशक्य होतं. पालथं होऊन, छातीखाली ॲक्स दाबून घसरण रोखण्याची जी युक्ती मनालीच्या किंवा उत्तरकाशीच्या कोर्समध्ये शंभरदा करून घेतात, तिला पकडायला काहीतरी टणक लागतं. भिजलेल्या साखरेत कुऱ्हाड नांगरासारखी चालते आणि माणूस तिच्यासकट खाली जातो.

आणि डाव्या कोपऱ्यात सुरळीच्या वड्या होत्या.

वरच्या काळ्या खडकांपाशी ऊन लागलं की तिथला बर्फ आधी सैल होतो. त्यातला लिंबाएवढा गोळा सुटतो, घरंगळताना ओला बर्फ स्वतःभोवती गुंडाळत जातो, आणि खाली येईपर्यंत त्याची ताटाएवढी, बाजूने पाहिलं तर वेटोळी दिसणारी वडी झालेली असते. फोटोत अशा तीन-चार होत्या. पाहायला गोड दिसतात, मुलं त्यांचे फोटो काढतात. पण थराच्या वरच्या भागात पाणी झालंय आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटत चाललीय, हे उतार सांगतो तो असा. ओल्या बर्फाचा लोट सुटतो तोही असाच एका बिंदूतून, बहुधा खडकाच्या कडेला, आणि खाली येता येता पंख्यासारखा पसरतो. तो फार मोठा असावा लागत नाही. ताज्या कोरड्या बर्फाचं वजन घनमीटरला पन्नास ते शंभर किलो भरतं. ओल्याचं तीनशे ते पाचशे. नडगीएवढ्या जाडीचा लोट पायाखालून गेला तरी माणूस आडवा होतो, आणि थांबल्यावर तोच बर्फ ओतलेल्या काँक्रीटसारखा बसतो. त्यातून हातसुद्धा हलवता येत नाही.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. आपल्या डोंगरात अंधार वाईट आणि ऊन चांगलं. रात्री वाट चुकली तर कातळाला टेकून बसायचं आणि उजाडायची वाट पाहायची. उजाडलं की निम्मं संकट टळलं. कड्यातली खोबणी सकाळी जशी असते तशीच संध्याकाळी. घसाऱ्यावरून मुरूम घसरतो, पण तो सकाळीही घसरतच होता, त्याने काही फसवलेलं नाही. पावसाळा सोडला तर जी वाट चढलो तीच उतरायची, एवढा भरवसा ठेवून आपण निवांत डबा उघडतो. बर्फात हा भरवसा ठेवता येत नाही. पहाटे चारला ज्या पायरीने तुम्हाला तोललं तीच पायरी सकाळी दहाला त्याच जागी असते, दिसतेही तशीच, पण पाय ठेवला की मांडीपर्यंत आत नेते. चढायचा डोंगर आणि उतरायचा डोंगर वेगळे असतात, आणि मधले पाच-सहा तास त्यांची अदलाबदल करतात. म्हणून तिथे सूर्य उगवला की जाणत्या माणसाच्या चेहऱ्यावर आनंद कमी आणि हिशोब जास्त दिसतो. हातापायांत ऊब येते, नाकाचा शेंडा परत आपला वाटायला लागतो, धौलाधारची रांग गुलाबी होते, सगळं खरं. पण त्याच वेळी कुणीतरी ॲक्सचं टोक बर्फात खुपसून पाहत असतं.

मे महिन्यातल्या बर्फाचं गणित रोजचं आहे. दिवसा वरचा थर वितळतो, कणाकणाभोवती पाण्याचा पातळ लेप बसतो. रात्री तो गोठतो आणि कण एकमेकांना चिकटतात. आठ-दहा दिवस हे चालू राहिलं की मूळचे चांदणीसारखे बर्फकण गोल, टपोरे होतात, अगदी भिजवलेल्या साबुदाण्यासारखे. गोठलेला साबुदाणा फरशीसारखा कडक असतो, आणि सुटला की नुसती भुरभुर. यात सगळा खेळ रात्रीचा आहे, आणि थंडीपेक्षाही आकाशाचा. आभाळ निरभ्र असेल तर बर्फ स्वतःची ऊब वर टाकून मोकळा होतो. हवेचा पारा शून्याच्या एक-दोन अंश वर असला तरी पृष्ठभाग गोठू शकतो. ढग असले तर ते गोधडीसारखे ऊब खालीच अडवून धरतात, आणि तंबूत माणूस कुडकुडत असला तरी बाहेरचा बर्फ ओलाच राहतो. त्यामुळे चढाईच्या रात्री तंबूची चेन उघडून वर चांदण्या आहेत का ते पाहणं, यात कवित्व काही नाही. ती दिवसभराची सगळ्यात महत्त्वाची नोंद असते. चांदण्या नसतील तर दिवस जवळपास तिथेच ठरतो.

त्या चौघांच्या रात्री बारापर्यंत ढग होते. ती मुलगी ओघात बोलून गेली, कुणी लक्ष दिलं नाही. ढग हटले, ते एकला निघाले. उजाडतं सव्वापाचच्या सुमाराला. म्हणजे बर्फाला गोठायला जेमतेम पाच तास मिळाले, आणि वरच्या टप्प्यावर दोन दिवसांपूर्वीच्या दुपारी पडलेला वीतभर ताजा बर्फ होता, जो अजून खालच्या थराशी नीट सांधलाच नव्हता. त्यांचा वरचा तळ साधारण ३,९०० मीटरवर, शिखर ५,२८९. फोटोतली जागा तिच्या म्हणण्यानुसार ५,०५० च्या आसपास, वेळ आठ चाळीस. सात तास चाळीस मिनिटांत साडेअकराशे मीटर, म्हणजे तासाला दीडशे. हा वेग अजिबात वाईट नाही; त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. पण शेवटच्या तासात त्यांचे फक्त ऐंशी मीटर झाले होते. आता काकांचे २४० मीटर घ्या. तासाला ऐंशी या हिशोबाने तीन तास, तेही बर्फ आणखी मऊ होणार नाही असं धरून. पोचायला पावणेबारा. वर फोटो, झेंडा, पाणी यात पंधरा-वीस मिनिटं जातातच. बारा वाजता उतरायला सुरुवात, आणि त्या वेळी सकाळपासून ऊन खात असलेला तो अख्खा उतार पायाखाली. गोठलेल्या बर्फावर जी उतराई तीन तासांची, ती मांडीभर बर्फात पाच तासांचीही होते. वरून दुपारचे ढग. संध्याकाळचे पाच. एकला निघालेला माणूस सोळा तास पायावर.

पर्वती दोन-तीनदा चढण्यात यातलं काहीच नसतं.

परत फिरण्याची वेळ ठरवायची ती तळावर, बूट घालायच्या आधी, आणि मोठ्याने. नऊ म्हणजे नऊ. शिखर समोर दिसत असलं तरी. अनुभवी लीडर मोबाइलवर गजर लावून तो आतल्या खिशात, अंगाशी ठेवतात, कारण थंडीत बॅटरी मान टाकते. ही वेळ उलटीकडून मोजायची असते. बर्फ किती वाजता सुटायला लागेल, त्याच्या आधी धोक्याचा उतार ओलांडून खाली यायला किती वेळ लागेल, तो वजा करायचा. उरेल ती वळायची वेळ. मग तीमधून चढायला लागणारे तास वजा केले की निघायची वेळ मिळते, आणि ती बहुतेकदा ऐकणाऱ्याला अन्यायकारक वाटते. रात्री अकरा, बारा. त्याच्याही मागे स्वयंपाकाचा तंबू असतो. चार माणसांना प्रत्येकी तीन लिटर धरलं तर बारा लिटर पाणी, शिवाय चहा, सूप. जवळ वाहता झरा नसेल तर एवढं पाणी बर्फ वितळवून करायला गॅसवर दोन-तीन तास सहज जातात, पातेल्याच्या तळाशी थोडं पाणी राखून त्यात बर्फ टाकत राहावं लागतं, नाहीतर नुसता बर्फ करपल्यासारखा वास धरतो. ते काम संध्याकाळी झालं नाही तर मध्यरात्री निघणं एकपर्यंत लांबतं, आणि मग सकाळी आठ चाळीसला उतारावर जी चर्चा होते तिचं मूळ आदल्या संध्याकाळी न भरलेल्या बाटल्यांत असू शकतं. रात्री भरलेली बाटली उलटी ठेवायची. पाणी वरून गोठत येतं, तोंड मोकळं राहतं.

याहून मागे गेलं तर रेल्वेचं तिकीट आहे. आपल्याकडच्या मोहिमा मे महिन्यात जातात यात हवामानाइतकाच शाळा-कॉलेजच्या सुट्ट्यांचा आणि ऑफिसातल्या रजेचा वाटा आहे. दिल्लीहून परतीचं आरक्षण आधी होतं, मग मधले दिवस बसवले जातात. सात-आठ दिवसांच्या कार्यक्रमात शिखराला एक दिवस मिळतो. हवा बिघडली, रात्री गोठलं नाही, तर दुसरा दिवस नाही. माझं मत विचाराल तर कुठल्याही मोहिमेच्या कागदावर पहिल्यांदा पाहायची गोष्ट म्हणजे वरच्या तळावरचे जादा दिवस किती. एकही नसेल तर परत फिरण्याचा निर्णय त्या चौघांवर सकाळी आठला येत नाही, तो मार्चमध्येच अवघड करून ठेवलेला असतो. त्यात वर्गणी काढून पाठवलेलं असतं, कुणाच्या तरी संस्थेचा फलक सोबत असतो, गावच्या तरुण मंडळाने दिलेला भगवा सॅकच्या वरच्या कप्प्यात असतो. न उघडलेला झेंडा परत येतो तेव्हा त्याच्या घड्या फार कडक वाटतात.

प्रत्यक्ष जागेवर बोलणं कसं होतं, यावर फारसं कुणी बोलत नाही. चटईएवढी तुडवलेली जागा म्हणजे तीच. माणसं दोन-चार मिनिटांसाठी थांबली तर बर्फ असा तुडवला जात नाही. पंधरा-वीस मिनिटं पायावर पाय बदलत उभं राहावं लागतं. बोटं गार पडतात म्हणून टाचा आपटल्या जातात. थर्मासमधला चहा फिरतो. कुणीच पहिलं म्हणत नाही. ज्याचं डोकं दुखतंय तो आपल्यामुळे नको म्हणून गप्प. ज्याच्यात ताकद आहे तो दुसऱ्याचा हिरमोड नको म्हणून गप्प. लीडरने "येणार का वर?" असं विचारलं की चारही माना हो म्हणतात. प्रश्न "आता इथून तळापर्यंत उतरायला पाय आहेत का?" असा केला की उत्तरं बदलतात, आणि ती प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारली तर आणखी बदलतात. कुणाला ओकारी झाली असेल, शब्द अडखळत असतील, तर बर्फावर एक रेघ मारून तिच्यावरून टाचेला बोटं लावत चालायला सांगतात. तोल गेला तर चर्चा संपली, त्याला लगेच खाली न्यायचं, एकट्याला नाही. इथे दुसरं गणित येतं. आठ जणांबरोबर दोन गाइड असतील आणि एक जण परत फिरला, तर एक गाइड त्याच्याबरोबर जातो. दुसऱ्याला त्रास झाला की उरलेल्या सहा जणांसाठी कुणीच नाही. म्हणजे दुसरा आजारी माणूस हा सगळ्या मोहिमेची परतीची खूण असतो, आणि हे त्याला बिचाऱ्याला माहीत असल्यामुळेच तो लपवतो.

उतरणं हा वेगळाच विषय आहे. ओला बर्फ क्रॅम्पॉनच्या दातांमध्ये चिकटून पायाखाली नारळाएवढा गोळा तयार होतो. दात बर्फापर्यंत पोचतच नाहीत आणि माणूस उंच टाचांच्या बुटांवर चालल्यासारखा हेलकावतो. खाली रबराची पट्टी असली तर कमी चिकटतं, नसली तर दर दोन पावलांनी ॲक्सच्या दांड्याने बुटाच्या कडेला ठोकायचं. ठक, पाऊल, ठक, पाऊल. तासभर हे केल्यावर मनगट भरून येतं आणि एकदा ठोकायचं राहून जातं. भाड्याच्या बुटांवर पट्टे सैल पडतात, एका पायाचा दात दुसऱ्या पायाच्या गेटरमध्ये, पोटरीवरच्या कापडी आवरणात, अडकतो आणि माणूस तोंडावर जातो. बर्फावरच्या पडण्यांमध्ये हे फार नेहमीचं, आणि फार कमी सांगितलं जाणारं. उतार कमी झाला की टाचा रोवत, गुडघे किंचित वाकवून, वजन पुढे टाकत जायचं. मागे रेललं की बसकण ठरलेली. बसून घसरत जायचा मोह होतो, होऊ द्या, पण आधी क्रॅम्पॉन काढून. दात अडकले तर घसरणारं अंग पुढे जातं आणि घोटा मागे राहतो.

परत फिरण्याचा विषय निघाला की मला १९५३ मधली एक जोडी आठवते. २६ मे रोजी टॉम बोर्डिलन आणि चार्ल्स इव्हान्स एव्हरेस्टच्या दक्षिण शिखरावर, ८,७५० मीटरवर पोचले. तोवर तिथे कुणीच गेलेलं नव्हतं. दुपारचा एक वाजला होता, इव्हान्सच्या ऑक्सिजन संचाने त्रास दिला होता, आणि समोर मुख्य शिखराची कड दिसत होती. राहिले होते साधारण शंभर मीटर. ते परत फिरले; उतरताना घसरलेही, कसेबसे साउथ कोल या खिंडीतल्या तळावर पोचले. तीन दिवसांनी, २९ मेच्या सकाळी साडेअकराला, तेनसिंग आणि हिलरी वर उभे होते. पण या दोन जोड्या आदल्या रात्री कुठे झोपल्या होत्या ते पाहा. पहिली जोडी साउथ कोलवरून, ७,९०० मीटरवरून निघाली होती. दुसरी ८,५०० मीटरवरच्या एका तिरप्या ओट्यावर रात्र काढून. सहाशे मीटरचा फरक तंबूने आधीच कापून ठेवला होता. आणि वाटेत तेनसिंग-हिलरींना पहिल्या जोडीने कडेला ठेवलेल्या ऑक्सिजनच्या दोन बाटल्या मिळाल्या, थोड्या उरलेल्या. परतीच्या हिशोबात त्या धरल्या गेल्या. तेनसिंग स्वतःही त्याच्या आदल्या वर्षी, २८ मे १९५२ रोजी, रेमंड लॅम्बेरबरोबर ८,६०० मीटरच्या आसपास पोचून मागे वळलेले होते. दोन तारखांमध्ये एक वर्ष आणि एक दिवस.

इव्हान्सचं पुढे काय झालं हे त्याहून सुंदर आहे. १९५५ मध्ये तो कांचनजुंगाच्या ब्रिटिश मोहिमेचा नेता होता. सिक्कीमच्या लोकांसाठी ते शिखर देवतेचं, म्हणून माथ्यावर पाऊल ठेवणार नाही असा शब्द दिलेला. २५ मे रोजी जॉर्ज बँड आणि जो ब्राउन शेवटच्या काही पावलांवर थांबले. दुसऱ्या दिवशी आलेली जोडीही थांबली. तिथे किती राहिलं होतं? पाच-सहा फूट. आणि त्याला कुणी अरेरे म्हणालं नाही. ही चढाई इतिहासात यशस्वी म्हणून नोंदली गेली, रास्तच. म्हणजे शेवटचे काही फूट सोडले तर चालतं, शंभर मीटर सोडले तर हळहळ, हजार मीटर सोडले तर नुसतं 'प्रयत्न'. मधली रेघ कुठे आहे ते कुणालाच सांगता येणार नाही. आपल्याकडच्या संस्थांच्या अहवालात तर दोनच शब्द असतात, 'यशस्वी' आणि 'माघार'. दुसऱ्या शब्दाला तलवारीचा वास येतो. एका ओळीत बर्फाची अवस्था, रात्रीचे ढग, वळलेली वेळ, शेवटच्या तासातला वेग एवढं लिहिलं तर पुढच्या वर्षी जाणाऱ्यांना ते शिखरावरच्या गटफोटोपेक्षा कितीतरी उपयोगी पडेल. पण ती ओळ लिहिली जात नाही, कारण ती समर्थनासारखी दिसते.

आणि खरी बोच तिथेच आहे. बरोबर वेळी परत फिरलेल्या माणसाकडे पुरावा उरत नाही. चुकला असता तर डोंगराने दाखवलं असतं. बरोबर होता तर काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीचा फोटो काढता येत नाही. त्या दिवशी तो उतार घसरला नाही. मुलीनेच सांगितलं, कुणी न विचारता. दुपारी ढगही आले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुसरा एक गट, रात्र पूर्ण निरभ्र मिळाल्यामुळे, यांच्याच पावलांच्या गोठलेल्या खळग्यांतून पायऱ्यांसारखं चढत गेला आणि सकाळी सातला शिखरावर होता. हे सांगताना तिचा आवाज जरा सपाट झाला. यांच्या गाड्या तोवर ठरल्या होत्या.

कार्यक्रम संपला, लोक चहाच्या पिंपाकडे वळले. लॅपटॉप बंद करायच्या आधी कुणीतरी मागचा एक फोटो पाहायला मागितला म्हणून ती उलटी जात होती, आणि त्या उतारावर आली. आता अर्धं सभागृह रिकामं होतं, खुर्च्या एकात एक घालण्याचा आवाज येत होता. तुडवलेल्या चटईच्या उजव्या कडेला एक तपकिरी डाग दिसला, हातमोजाएवढा. सांडलेला किंवा ओतून टाकलेला चहा. तिथून खाली जाणारी पावलं चढत्या पावलांच्या शेजारून, टाचेकडून खोल आणि बोटांकडून उथळ, एकाच अंतराने पडत गेली होती. सगळ्यात खाली, जिथे पहाटे नुसत्या दातांची नक्षी उमटली होती त्याच्या बरोबर बाजूला, एक मांडीएवढं भोक होतं, आणि त्याच्या काठावर कुणीतरी हात टेकून बाहेर आल्याचा पाची बोटांचा ठसा. काका कप घेऊन पडद्याजवळ आले, चश्मा वर करून थोडा वेळ पाहत राहिले. मग त्यांनी त्या भोकावर बोट ठेवलं, आणि त्यांच्या बोटाची सावली उतारावर पडली.

"हे काय झालं इथे?"

ती म्हणाली, "तिथे मी होते, काका," आणि वायर गुंडाळायची सोडून त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.